शिरगणतीचा माणूस दारात येईल तेव्हा

आम्ही पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात बचत गटांचं काम बघतो. आज गटाचा हप्ता आणि बँकेची फाइल बाजूला ठेवून वेगळ्या विषयावर बोलायचं आहे. आपल्या खोऱ्यात माणसं किती, ती जगतात कशावर, आणि हे कागदावर कसं लिहिलं जातं, हा तो विषय. आत्ताच बोलायचं कारण असं, की फेब्रुवारी २०२७ मध्ये देशाची जनगणना आहे. ती २०२१ ला व्हायची होती, पण राहून गेली. म्हणजे सोळा वर्षांनी आपली शिरगणती होणार.

बैठकीत हा विषय काढला की बायका हसतात. "आमच्यात काय मोजायचंय? म्हातारी माणसं, आम्ही आणि कुत्री," असं एक वहिनी म्हणाल्या. सगळ्याजणी हसल्या, आम्हीही हसलो. पण त्या म्हणाल्या ते फार चुकीचं नव्हतं.

आकडे थोडेच सांगतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. आपल्या सातारा जिल्ह्याची वाढ सात टक्क्यांच्याही आत राहिली. त्यातही फलटण, कराडचा सपाट भाग वेगळा आणि आपला डोंगर वेगळा. पाटण तालुका २००१ ला तीन लाखांच्या आसपास होता आणि २०११ लाही तीन लाखांच्याच आसपास. घाट उतरून पलीकडं गेलं की रत्नागिरी जिल्हा. तिथं तर माणसं कमीच झाली. २००१ ला १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ ला १६ लाख १५ हजार भरली. सिंधुदुर्गातही तसंच झालं. आणि रत्नागिरीत हजार पुरुषांमागं ११२२ बाया निघाल्या. पुरुष कुठं गेले ते कुणाला विचारायची गरज नाही. मुंबईच्या लोकलमध्ये बघा, सापडतील.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असंही नाही. उत्तराखंडात अल्मोडा आणि पौडी गढवाल हे दोन डोंगरी जिल्हे आहेत, त्यांचीही लोकसंख्या त्याच दहा वर्षांत घटली. डोंगराची शेती थोडी, पाऊस जास्त, रस्ता लांब. पोरगा मोठा झाला की खाली उतरतो. मुलं जन्मतात, पण मोजायच्या वेळी ती दुसरीकडं मोठी झालेली असतात.

आपल्या खोऱ्यात याला आणखी एक कारण आहे. सोन्यासारखी भाताची खाचरं होती ती कोयनेच्या काठाला, आणि ती शिवसागराच्या पाण्याखाली गेली. साठच्या दशकात धरण उभं राहिलं. १०५ टीएमसीचं धरण आणि १९६० मेगावॉटचा वीज प्रकल्प, राज्याला त्याचा केवढा आधार! पण शंभराच्या आसपास गावं हलली, काही सोलापूर-सांगलीकडं गेली, काही ठाणे-रायगडाकडं. मागं राहिलेल्यांना वर चढून उताराची जमीन कसावी लागली. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. ज्या आज्या आज सत्तरीपुढं आहेत त्यांना अजून आठवतो, थाळ्या वाजल्यासारखा आवाज आला म्हणतात. पुढं १९८५ ला अभयारण्य झालं, २०१० ला व्याघ्र प्रकल्प. जंगल राखलं पाहिजे याबद्दल आमचं दुमत नाही. फक्त ज्या बाईच्या नाचणीत रात्री गवे शिरतात तिला विचारून हे राखलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

तर पोटासाठी माणसं मुंबईला गेली. आधी गिरण्यांत, मग १९८२ च्या संपानंतर जिथं मिळेल तिथं. गोदीत, भाजी मार्केटात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर ओझी उचलायला. माथाडी कामगारांचा १९६९ चा कायदा ज्यांच्या लढ्यातून झाला ते अण्णासाहेब पाटील आपल्याच पाटण तालुक्यातले. त्या कायद्यानं पाठीवरच्या पोत्याला भाव मिळाला, फंड मिळाला. आपल्या खोऱ्यातल्या किती घरांचा पाया त्या पोत्यावर उभा आहे ते तुम्ही जाणता. एका खोलीत गावचे वीस-पंचवीस गडी, भिंतीला ज्याची त्याची पेटी, आणि महिन्याला घरी मनीऑर्डर. आता मनीऑर्डर जाऊन फोनवरून पैसे येतात.

म्हणून कुणी विचारलं, खोऱ्याचा कारभार कशावर चालतो, तर गडीमाणसं सांगतात, मुंबईच्या पैशावर. ते अर्धं खरं आहे. मुंबईच्या पैशातून काय झालं ते डोळ्यांनी दिसतं. देवळाचा सभामंडप झाला, शिखर झालं, फरशी बसली, कमान झाली. गावचं मुंबई मंडळ जत्रेला येतं, हिशेब वाचतं, पुढच्या वर्षीची वर्गणी ठरवतं. आमचं देवाशी भांडण नाही. पण त्याच गावात टाक्याला पाणी मार्चमध्ये आटतं आणि हंडा घेऊन जाणारी कुणाची तरी आई असते. मंडळाच्या हिशेबात टाक्याचं पान कधी निघत नाही, कारण हिशेब लिहिणाऱ्यांनी हंडा उचललेला नसतो.

उरलेलं अर्धं कुणी मोजत नाही. मुंबईहून समजा पाच हजार येतात. पण वर्षाचं भात, नाचणी, वरी, कुळीथ, दुधाचा रतीब, शेणखत, सरपण, परसातला भाजीपाला, शेळीचं एखादं करडू हे सगळं विकत घ्यायचं म्हटलं तर त्या पाच हजारांत घर चालेल का? मुंबईच्या गड्याचा तिथला पगार पुरतो, कारण इथली चूल त्याच्या पगारावर सगळा भार टाकत नाही. तो आजारी पडला की इथंच येतो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा माणसं इथंच आली. २०२० ला कोरोनात तर चालत आली, टेम्पोत बसून आली, शाळेच्या खोल्यांत चौदा-चौदा दिवस राहिली. तेव्हा एकेका वाडीत चुली वाढल्या. त्यांना महिनोन्‌महिने कुणाच्या कणगीतलं खायला घातलं? ती कणगी भरणारी बाई कोणत्या रकान्यात बसते?

ती बसते "काम न करणाऱ्या" माणसांच्या रकान्यात. हे सांगायलाच आज आम्ही बोलतोय.

२०११ च्या जनगणनेच्या फॉर्मात प्रत्येक माणसाबद्दल एक प्रश्न होता, मागच्या वर्षात काम केलं का? सहा महिने किंवा जास्त केलं असेल तर मुख्य काम करणारा. त्याहून कमी तर सीमांतिक, म्हणजे अधूनमधून काम करणारा. अजिबात नाही तर काम न करणारा. काम करणाऱ्याला मग विचारायचे, शेती कसता, शेतमजुरी करता, घरगुती उद्योग करता की दुसरं काही? काम न करणाऱ्याला विचारायचे, विद्यार्थी का, घरकाम का, दुसऱ्यावर अवलंबून का, पेन्शनवाला का, भिकारी का? हो, भिकारीसुद्धा त्याच यादीत. घरकाम करणाऱ्या बाईला अशा यादीत बसवण्यावर सर्वोच्च न्यायालयानंसुद्धा २०१० साली एका अपघात भरपाईच्या खटल्यात नाराजी दाखवली होती.

आता गंमत बघा. नियमात काम म्हणजे काय ते नीट लिहिलेलं आहे. पैसे मिळाले पाहिजेत अशी अट नाही. घरच्या शेतात बिनपगारी राबलं तरी ते काम. पिकलेलं सगळं घरीच खाल्लं तरी ते काम. दूध डेअरीला न घालता पोरांनाच पाजलं, तरी म्हशीचं करणं हे काम. नियम आपल्या बाजूनं आहे! अडतं ते दारात. प्रगणक म्हणून बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी नाहीतर बाई येतात. त्यांना शेकडो घरं उरकायची असतात. ते ओट्यावर बसलेल्या गड्याला विचारतात, "मंडळी काय करतात?" गडी म्हणतो, "काय नाय, घरीच असती." ती घरीच असणारी त्या वेळी वैरणीचा भारा घेऊन बांधावरून येत असते.

हे तपासायला आम्ही एका वाडीत बैठकीत चिंचोके वाटले. ज्या महिन्यात शेतात राबलात त्या महिन्याला एक चिंचोका पुढं ठेवा, असं सांगितलं. साठीच्या एक आत्या होत्या, त्यांनी आधी चारच ठेवले. लावण दोन आणि काढणी दोन. मग शेजारणीनं टोकलं, "आणि राब कोण भाजतं?" झालं, वैशाखाचा एक आला. तरवा टाकायचा, नाचणीचं रोप लावायचं, भांगलण, मग श्रावण-भाद्रपदात माचावर राखण, डबा बडवत रात्रभर. काढणीनंतर मळणी, उफणणी, पेंढ्या रचणं. नंतर कुळीथ, घेवडा. नऊ चिंचोके झाले. आत्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि उरलेले तीनही पुढं सारून म्हणाल्या, "म्हशीला सुट्टी आसती व्हय?" त्यांना आम्ही विचारलं, मागच्या जनगणनेत तुमच्यापुढं काय लिहिलं? म्हणाल्या, "मला काय म्हाईत, मालकानं सांगितलं आसंल."

कागदावरच्या त्या एका शब्दानं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. सरकारचे आराखडे याच आकड्यांवर बनतात. तालुक्यात शेती कसणाऱ्या बाया किती हे कमी दिसलं, की शेतीचं प्रशिक्षण, अवजारं, शेतीशाळा गड्यांसाठी ठरतात आणि बायांना शिलाई मशीन. आमच्याकडं किती शिलाई मशीन धूळ खात पडली आहेत ते विचारू नका. उतारावर चालेल असा हलका कोळपा मागितला तर तो योजनेत नसतो.

डोक्यांच्या संख्येचंही तसंच. डोंगरी भागात ३,००० लोकांमागं एक आरोग्य उपकेंद्र आणि २०,००० मागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण आहे, सपाटीला ते ५,००० आणि ३०,००० आहे. डोंगराला सवलत आहे, पण माणसंच घटली तर सवलतीतही आपण बसत नाही. ग्रामपंचायतीचं तसंच. दीड हजारापर्यंत वस्ती असेल तर सात सदस्य, त्यावर तीन हजारांपर्यंत नऊ. गावाला येणारा वित्त आयोगाचा निधीही मुख्यतः डोकी मोजून येतो. वाड्या लांब लांब, रस्ता जास्त लागतो, पाइप जास्त लागतो, आणि डोकी कमी म्हणून पैसा कमी. शाळेत पोरं वीसच्या खाली आली की ती दुसरीकडं जोडायची चर्चा सुरू होते. शाळा गेली की जी एखादी सून लहान पोराला घेऊन गावात राहिली असती तीही कराडला खोली करते. अशानं आकडा आणखी खाली येतो.

म्हणून काहीजण सुचवतात, मुंबईच्या पोरांचीही नावं इथं सांगू, आकडा फुगेल. तसं करू नका. माणूस त्या मोजणीच्या दिवसांत जिथं राहतो तिथंच त्याला मोजतात. मागच्या वेळी ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस होते. पोरगा तिकडं मोजला जाणारच, इथंही लिहिला तर दोनदा होईल. नाव सांगितलं नाही तर रेशनकार्डातून निघेल ही भीती खोटी आहे. जनगणनेचा कायदा १९४८ चा आहे, त्यात प्रत्येकाची माहिती गुप्त ठेवायची असते. ती रेशनला, मतदार यादीला किंवा दुसऱ्या कुठल्या खात्याला देत नाहीत.

हेच उत्तर आणखी एका प्रश्नाला. जवळजवळ प्रत्येक बैठकीत कुणीतरी हळूच विचारतं, "काम करते असं लिहिलं, तर लाडक्या बहिणीचे पंधराशे बंद होतील का?" नाही. प्रगणकाचा फॉर्म त्या योजनेकडं जात नाही. हा प्रश्न विचारणारीला आम्ही कधी हसत नाही. महिन्याचे दीड हजार स्वतःच्या खात्यावर येणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे. पण त्या भीतीनं आपण वर्षभर राबूनही "काही करत नाही" म्हणून सही करायची, हे कसं चालेल?

आता जमिनीचं बोलू, कारण खोऱ्यात पुढच्या दहा-वीस वर्षांत माणसं वाढलीच तर ती कदाचित बाहेरून येतील. कास पठार २०१२ ला जागतिक वारसा यादीत गेलं, तापोळा-बामणोलीला बोटिंग वाढलं. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली सुरुवातीला २३५ गावं धरून नवीन महाबळेश्वर प्रकल्प आखला गेला, पुढं त्यात आणखी गावं जोडली. रस्ते येतील, हॉटेलं येतील. काही गटांना भाकरीच्या ऑर्डरी मिळतात, तांदळाची भाकरी आणि पिठलं खायला शहरातली माणसं पैसे मोजतात. चांगलं आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ ला मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेही चांगलं आहे. अशा कामात गावची बाई मालकीण राहते. पण दुसऱ्या बाजूला एजंट फिरतायत. फोन मुंबईला जातो, भाव तिथं ठरतो आणि जी बाई तीस वर्षं ते शेत कसतेय तिला गाडी दारात आल्यावर कळतं. शेत विकल्यावर तिथंच झाडूपोछाचं काम मिळेल असं सांगतात. काम वाईट नसतं, पण काल जिथं आपण बांध घातला तिथं आज दुसऱ्याचे कप विसळायचे, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडून ऐका.

तिला कुणी विचारत नाही, कारण सातबारावर तिचं नाव नाही. गव्यानं पीक खाल्लं, पंचनामा झाला, तरी भरपाई सातबाराच्या नावावर. पीएम किसानचे पैसेही त्याच नावावर, आणि तो नाववाला घाटकोपरला. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती नावाचा कार्यक्रम घेतला होता, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करायची. पुढं शासनानंही १९९२ ला त्याच नावानं परिपत्रक काढलं. नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं, त्यासाठी अर्ज तलाठ्याकडं द्यायचा. तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. जत्रेला मालक गावी आले की दोन दिवस काढून हे करून घ्या. पुरणपोळी वाढताना विषय काढला तर काम लवकर होतं, असा आमचा अनुभव आहे.

आणि माहेरच्या जमिनीचं. २००५ पासून लेकीचा वाटा भावाइतकाच आहे. हक्कसोड पत्रावर सही करायला भाऊ बोलावतो, साडी-चोळी करतो. भावाशी वाकडं घ्या असं आम्ही म्हणत नाही. पण कागद वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका, वाचता येत नसेल तर गटातल्या पोरीला बरोबर न्या. एकदा सोडलेला हक्क परत मागायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. विकायला निघालेल्या पुष्कळ सामाईक जमिनींत आधी बहिणींच्या हक्कसोडीच्याच सह्या गोळा होतात, हेही ध्यानात ठेवा.

तर फेब्रुवारीत माणूस दारात येईल तेव्हा शक्यतो स्वतः पुढं या. सासू असेल तर सासूलाही बोलवा. "घरी असते" असं सांगू नका, आधी काय काय करता ते सांगा. भात लावते, नाचणी करते, म्हशीचं करते, दूध घालते. दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जात असाल तर तेही. पापड, चटणी, मसाला घरी करून विकत असाल तर तो घरगुती उद्योग. महिने मोजून सांगा. स्वयंपाक, पाणी, सरपण, म्हाताऱ्यांची सेवा हे मात्र अजून त्या हिशेबात येत नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचे दिवसाचे २९९ मिनिटं त्यातच जातात असं निघालं, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. ते पाच तास कुठल्या रकान्यात मोजायचे याचं भांडण वेगळं आहे, ते आपण पुढं घेऊ.

लिहिणारे गुरुजी घाईत असतील तर चहा टाका आणि म्हणा, गुरुजी, काय लिहिलंत ते वाचून दाखवा. आपल्याच शाळेतले असतात, दाखवतात.

परवा एका मैत्रिणीनं विचारलं, माझ्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत, शेतात जात नाहीत, पण रोज चार शेळ्या डोंगराला नेतात आणि वर्षाला दोन करडं बाजारला जातात, त्यांचं काय सांगायचं? काम करतात म्हणून सांगायचं. वयाची वरची अट नाही. सासूबाई स्वतः ओट्यावर असतील तर त्यांनाच सांगू द्या. बाकीच्यांना काही विचारायचं असेल तर आपल्या गटाच्या बैठकीत विचारा, सोबत चिंचोके आणा, आपण मिळून मोजू.